उंबरठाणची वीस मतं

“आजी, नवऱ्याचं नाव सांगा.”

आजीनं कपाळावरचा पदर आणखी चार बोटं पुढं ओढला आणि भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडं बघत राहिली. उंबरठाणची शाळा एका खोलीची. त्या खोलीत त्या दिवशी तीन टेबलं, एक पत्र्याची पेटी आणि कोपऱ्यात गोणपाटाचा आडोसा होता. मधल्या टेबलामागं केंद्राध्यक्ष टिपणीस मास्तर. शहरातल्या हायस्कुलात भूमिती शिकवायचे, घाट चढून वर पहिल्यांदाच आलेले. त्यांच्या डाव्या हाताला बाकावर आम्ही तिघं पोलिंग एजंट. मी शिडीच्या निशाणीचा. उरलेले दोघं दोन अपक्षांचे, म्हणजे नावाला अपक्षांचे. बिडी आमचीच ओढत होते.

“यादीत तुमचं नाव आहे,” मास्तर समजावून सांगत होते, “पण या गृहस्थांचा आक्षेप आहे की त्या तुम्हीच कशावरून. नवऱ्याचं नाव सांगितलंत की झालं.”

“त्यांचंच म्हणायचं ते,” आजी तक्त्याला म्हणाली.

“त्यांचं म्हणजे कुणाचं?”

“घरच्यांचं.”

बाकावर हसू पिकलं. मी हळूच म्हणालो, “मास्तर, लिहा. घरचे घरचे घरचे.” मग तर पहारा द्यायला आलेला पोलीसही हसला. आजी वहाणा हातात घेऊन आली तशी निघून गेली. बोटाला शाई नाही, पेटीत मत नाही. साठ वर्षं ज्या माणसाच्या भाकऱ्या थापल्या, त्याचं नाव तिनं ना त्याच्यासमोर घेतलं होतं, ना त्याच्यामागं. ते चार परक्या पुरुषांपुढं घेऊन त्याचं आयुष्य ती कशाला कमी करील?

ती पहिली. तिच्यामागं दारापासून पिंपळाच्या पारापर्यंत बायकांची रांग होती.

आता हे कुठलं, कधीचं, ते सांगतो. आमचा कुंभेरी लोकसभा मतदारसंघ आता शोधू नका. पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे केले आणि तीन शेजाऱ्यांना वाटून टाकले. परवा एकानं मला त्याच्या इतिहासाचं छापील पान दाखवलं. साल, विजयी उमेदवार, पडलेली मतं, फरक. पाचव्या निवडणुकीच्या ओळीत शेवटी आकडा होता : १,७११. ओळ तेवढीच. ते वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. मला पाच तालुक्यांत थापाड्या म्हणून ओळखतात आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण इतकी मोठी थाप इतक्या कमी अक्षरांत मलासुद्धा कधी जमली नव्हती.

तसा हा मतदारसंघ पहिल्यापासूनच नमुनेदार. पहिल्या निवडणुकीला उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची. आमच्याकडच्या बायकांनी पेट्यांना हळदकुंकू वाहिलं. मोजणीला मतांबरोबर तांदूळ निघाले, खडीसाखर निघाली, एका पेटीतून तर कोंबडीचं पिल्लू निघालं. पिल्लू माझं, बाकी खरं. ते पहिले खासदार दिल्लीत पाच वर्षं बसले आणि सभागृहात एकदाच तोंड उघडलं, तेही जांभई द्यायला. दुसऱ्यांनी उंबरठाणला दवाखान्याचा पायाचा दगड बसवला. तिसऱ्यांनी तोच दगड उपटून, पाठीवर आपलं नाव कोरून, उलटा बसवला. चौथे आले आमचे शिडीवाले आप्पासाहेब घोरवडे. त्यांनी दोन्ही नावांवर चुना फासला आणि वर रंगानं स्वतःचं काढून घेतलं. पहिल्या पावसात ते वाहून गेलं. दवाखाना कुठंच नव्हता. त्या दगडावर बायका धुणी धूत. याच्यात माझं पिल्लू शोधू नका.

घाटावरच्या चौदा गावांना डॉक्टर म्हणजे कुंभेरी, आणि कुंभेरी म्हणजे डोलीतून सात तास. बाळंतीण अडली की चार गडी डोली उचलत, आणि घाटातल्या खिंडीत पोचेपर्यंत डोली उचलायची की टेकवायची ते ठरलेलं असायचं. खिंडीत त्यासाठी एक सपाट जागाच होती.

त्या चौदा गावांत एकच बाई कंदील घेऊन रात्री-बेरात्री फिरायची. सरकारी नर्स, रत्नमाला शिरसाट. उंच, काळीसावळी, तोंडाची फटकळ. निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. सतरा वर्षं तिनं दवाखान्यासाठी अर्ज केले. शेवटी कुंभेरीच्या कचेरीत एक साहेब तिला म्हणाले, बाई, हे खासदारांच्या हातातलं आहे. तिनं तिथंच राजीनामा लिहिला आणि पाचव्या निवडणुकीला अर्ज भरला. निशाणी मागितली कंदील, मिळालीही कंदीलच.

आधी सगळे हसले. मी तर त्यावर अर्धा तास बोलायचो. माझं कामच ते होतं. आप्पासाहेब चारच्या सभेला सातला यायचे, आणि तोवर माणसं धरून ठेवायला मला उभं करायचे. वाघाला मी तमाखू कशी चारली, आमच्या आजोबांनी गोऱ्या साहेबाला म्हैस घोडा म्हणून कशी विकली, असलं काय काय सांगायचो. लोक हसून आडवे व्हायचे. बदल्यात आप्पासाहेबांनी शब्द दिला होता : निवडून आलो की तुला कारखान्याच्या वजनकाट्यावर चिकटवतो. खुर्ची, पंखा, सावली. मी सत्तावीस वर्षांचा होतो. पंख्याखाली बसायची नोकरी म्हणजे मला इंद्राचा दरबार वाटायचा.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात घाटावरून खबर आली की बायका फिरल्यात. चौदा गावांतल्या झाडून सगळ्या. पुरुष शिडीचे, पण बायका कंदिलाच्या. आणि घरात मार खाऊनही बोलत नाहीत, हसतात नुसत्या. आप्पासाहेबांच्या बंगल्यावर बैठक बसली. कुणी म्हणालं लुगडी वाटा. कुणी म्हणालं पूल मोडा, मतदानाला यायलाच नको. आप्पासाहेब हात जोडून म्हणाले, “मारामारी नको, बदनामी नको. बायकांवर हात उचलला असं पेपरात यायला नको.”

तेव्हा कुणीतरी म्हणालं, “त्यांना नवऱ्याचं नाव विचारा.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग तो जो हशा उसळला, तो अर्धा मिनिट टिकला. आप्पासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. किती स्वच्छ युक्ती. कायद्यातली. रक्त नाही, आरडाओरडा नाही. आक्षेप घ्यायचा, अधिकारी विचारणार, बाई गप्प, बाई घरी. चौदाही केंद्रांवर निरोप गेले. पुरुषांनी सकाळी साडेआठच्या आत मतं टाकायची आणि ओढ्यापलीकडं बोकडाच्या जेवणाला जायचं ठरलं, पोलीसपाटलासकट, म्हणजे बायकांची ओळख पटवायला गावात कुणी उरायलाच नको. नर्सबाईंकडं एजंट द्यायला माणसं कुठली? चौदांतल्या तीन गावांत होती. उंबरठाणात नव्हती.

उंबरठाण मी मागून घेतलं. ते माझ्या बहिणीचं सासर.

गोजराबद्दल दोन शब्द. ती माझ्याहून अकरा वर्षांनी थोरली. आमच्या दोघांच्या मधली तीन भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा हा तरी जगावा म्हणून अकरा वर्षांच्या पोरीनं पदर पसरून पाच घरी जोंधळे मागून आणले, आणि त्या भिकेवरून माझं नाव ठेवलं भिका. आम्हाला आत्या नव्हती. बारशाला माझ्या कानात ते नाव पहिल्यांदा सांगितलं तेही गोजरानंच. पुढं आई गेली. मला वाढवलं तिनं. लग्न होऊन उंबरठाणला गेली तेव्हा मला काखेत मारून घेऊन गेली, आणि सासरच्यांनी ते चालवून घेतलं. भिका, जेव. भिका, नीज. भिका, खोटं बोलू नको, बोललास तर निदान नीट बोल. माझ्या थापांना पहिली हसलेली बाई ती.

तिची पहिली मुलगी पोटातच गेली, घाटातल्या त्या सपाट जागेवर. दुसरी नर्सबाईनं वाचवली.

तेव्हा रांगेच्या शेवटी गोजरा उभी होती, ती उगाच शेवटी नव्हती. तीन वाड्यांतल्या बायकांना घरोघर जाऊन तिनंच आणलं होतं. कुणी कचरायला लागली की ती म्हणायची (हे मला नंतर कळलं), “अगं, आत माझा भिका बसलाय. भ्यायचं काय?”

आजीनंतर तिघी-चौघी आल्या तशाच गेल्या. मग वैजंता नावाची एक तरणी पोर आली. वर्षही झालं नसेल लग्नाला. तिच्या पुढच्या बाईनं बाहेर जाता जाता तिला काय झालं ते सांगितलं असावं, कारण ती घाम पुशीतच आत आली. मास्तरांनी प्रश्न विचारला. तिनं डोळे मिटले, मुठी वळल्या आणि लग्नात घास भरवताना म्हणतात तसा उखाणा सुरू केला. “चांदीच्या ताटात... चांदीच्या ताटात खडीसाखरेचे खडे...”

एवढं म्हणाली आणि अडली.

“आणि पुढं काय वाढू?” मी म्हणालो.

खोली फुटली हसून. मास्तरसुद्धा हसले, त्यांना फार दोष देत नाही, वाक्यच तसं पडलं होतं. वैजंतानं डोळे उघडले. तिला कळलं की आपण सहा पुरुषांपुढं लग्नातलं बोललो. तिनं पदर तोंडात कोंबला आणि पळाली. पायरीवर अडखळली, तिच्या बांगड्या फुटल्याचा आवाज आला. बाकावरच्या एकानं मला टाळी दिली.

दोघी जावा आल्या, धीट होत्या. थोरली म्हणाली, “सायेब, माझ्या मालकाचं नाव ही सांगंल, हिच्या मालकाचं मी सांगते. मग तर झालं?”

मास्तर माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, “एका वेळी एक मतदार. आणि ज्याचं त्यानं सांगायचं. उद्या मीही सांगेन यांच्या मालकाचं नाव, म्हणून मला यांचं मत देणार का?” मास्तरांनी मान डोलावली. एवीतेवी धाकटीला ते जमलं नसतंच; थोरलीचा नवरा म्हणजे तिचा भाया, त्याचं नाव तर नवऱ्याच्या नावाहून अवघड. या गावात कुणाचा तो नवरा, कुणाचा दीर, कुणाचा चुलतसासरा. बायकांच्या तोंडून निघेल असं पुरुषाचं नाव गावात शिल्लकच नव्हतं.

फक्त एक जात अशी होती जिला आम्ही अडवू शकलो नाही. पांढऱ्या कपाळाच्या म्हाताऱ्या. त्या आल्या, प्रश्न ऐकला आणि तोंड उघडून धडाधड नावं सांगितली. त्यांचे नवरे मेलेले होते. आता आणखी काय व्हायचं होतं? बोटाला शाई लावून घेतली, आडोशाला गेल्या, शिक्के मारले. अशा एकोणीस जणी. दोनशे बारा बायकांच्या यादीत त्या दुपारपर्यंत उंबरठाणात विधवांनी तेवढं मतदान केलं.

दीडच्या सुमाराला गोजरा आत आली.

तिनं आधी मास्तरांना नमस्कार केला. मग माझ्याकडं बघितलं. हसली नाही, पण रागावलेलीही नव्हती. तिला वाटत होतं की काहीतरी घोळ झालाय आणि आता भिका तो निस्तरील.

“तुमचंही तेच,” मास्तर कंटाळून म्हणाले. “नवऱ्याचं नाव.”

“मास्तर, ते कशाला पाहिजे?” ती म्हणाली. “हा बसलाय की. हा ओळखतो मला.”

मास्तरांना बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना कुणी वाट दाखवली होती. ते माझ्याकडं वळले. “तुम्ही ओळखता यांना? ओळखत असाल तर प्रश्नच मिटला. आणि मग बाहेरच्यांचंही यांनाच विचारता येईल.”

गोष्ट इथं होती, एका शब्दावर. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ती बाहेरच्या सगळ्यांना एकेक करून आत आणणार होती आणि ही अमकीची सून, ही तमकीची लेक म्हणून ओळख पटवणार होती. पारावर अजून शंभर-सव्वाशे जणी बसून होत्या. मला पंखा दिसत होता. बाकावरचे दोघं माझ्याकडं बघत होते, आता हा काय विनोद करतो म्हणून.

मी म्हणालो, “बाई ओळखीच्या वाटतात. पण खात्री नाही.”

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. बाकावरचे दोघं उंबरठाणात येऊन-जाऊन असत, त्यांना ती कोण ते माहीत होतं. एकानं बिडी विझवली.

गोजरानं डोळ्याला पदर लावला नाही. तिनं फक्त माझ्याकडं असं बघितलं, जसं बाजारात कुणी चुकून हाक मारली तर आपण बघतो, की हा कोण. आणि गेली. बाहेर गेल्यावर बायकांना काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण पार हळूहळू रिकामा झाला.

मग ओढ्यापलीकडून माझ्यासाठी डबा आला. कथेत शोभावं म्हणून मला सांगता येईल की घास उतरला नाही. उतरला. दोनदा रस्सा घेतला. एवढं खरं आहे की त्या डब्यावर मी एकही गंमत सांगितली नाही.

मतदान पाचला संपायचं होतं. पावणेपाचला मास्तर लाखेची कांडी शोधत होते, तेवढ्यात दारात अंधारलं. गोजरा उभी होती. एकटी. सकाळचं लुगडं बदललं होतं, धुवट हिरवं नेसली होती, आणि कपाळावर कुंकू रुपयाएवढं.

मधल्या तीन तासांत काय झालं ते मला फार वर्षांनी तिच्या नवऱ्यानं, माझ्या मेव्हण्यानं सांगितलं. ती आधी घरोघर फिरली. चला, आपण नावं घेऊ. एकही उठली नाही. कुणाचा नवरा आजारी होता, कुणाचा दारू पिऊन येणार होता, वैजंता तर कडी लावून बसली होती. मग गोजरा घरी आली. मेव्हणे जेवणावरून आले होते. ती म्हणाली, “मी तुमचं नाव घ्यायला चाललेय. काय झालं तर माफ करा.” ते म्हणाले, मग मीच येतो की बरोबर, ही माझी बायको म्हणून सांगतो, संपलं. ती म्हणाली, “न्हाई. सांगणारं माणूस तिथं बसलं होतं. त्यानं सांगितलं न्हाई. आता मीच सांगते.” तर ते म्हणाले, “घे बाई. नावच आहे. झिजून झिजून किती झिजंल?”

टेबलापुढं ती उभी राहिली. मास्तरांनी नुसतं वर बघितलं. त्यांना विचारायचा धीर झाला नसावा. तिनं विचारायची वाट बघितली नाही.

“हैबती राणू येवले,” ती म्हणाली.

शाळेत पोरं पाढे म्हणतात तशा सरळ, मोठ्या आवाजात. भिंतीवरची पाल सरकली.

“लिहिलंत? हैबती. बापाचं नाव राणू. आडनाव येवले. तिसऱ्यांदा सांगू?”

“नको, बाई,” मास्तर म्हणाले. “पुरे.”

त्यांच्या कारकुनानं तिच्या बोटाला शाई लावली. हातात मतपत्रिका दिली. आडोशाकडं जाता जाता ती बाकासमोर थांबली, पण बोलली मास्तरांशी.

“मास्तर, तुमच्या वहीत हेही लिहा. हा बसलाय तो माझा पाठचा भाऊ. याचं नाव मी ठेवलंय. पाच घरी पदर पसरून आणलंय. ते आजपासून माझ्या तोंडून निघायचं न्हाई.”

आडोशाआड शिक्का आपटल्याचा आवाज झाला. तिनं घडी घातलेला कागद पेटीत टाकला, वर हात ठेवून तो आत पडल्याची खात्री केली आणि गेली. मास्तरांनी पाचला दार लावलं. नमुन्यात ‘स्त्री मतदार’ या रकान्यात त्यांनी ‘२०’ लिहिलं. मग मला म्हणाले, “अहो, वीसच?” जणू मी ते बदलू शकणार होतो. घटकेपूर्वीपर्यंत बदलू शकत होतो.

आप्पासाहेब निवडून आले. फरक सतराशे अकरा. घाटावरच्या चौदा केंद्रांवरून त्या दिवशी दोन हजारांच्या वर बायका स्वच्छ बोटं घेऊन परत गेल्या होत्या. नर्सबाई मोजणीच्या तंबूतून बाहेर पडल्या, पिशवी उचलली आणि शेजारच्या जिल्ह्यात मिशनच्या दवाखान्यात नोकरीला लागल्या. घाटावर पुन्हा कंदील आला नाही. त्या साली खिंडीतल्या सपाट जागेवर पाच डोल्या टेकल्या. पाचवी वैजंताची.

आणि मला काटा मिळाला. खुर्ची, पंखा, सावली. पुढच्या दोन निवडणुकांत आप्पासाहेब मला खास फर्माईश करायचे, “ती उंबरठाणची सांग.” मी सांगायचो. घरचे घरचे घरचे. चांदीच्या ताटात पुढं काय वाढू. माणसं गडाबडा लोळायची, बायकासुद्धा पदराआड हसायच्या. तुमच्यातल्या कुणी ऐकलीही असेल. त्या गोष्टीत मी दोन जागी हात मारायचो. एक, शेवटची बाई गाळायचो. आणि दुसरं, बंगल्यावर ती युक्ती ‘कुणीतरी’ सांगितली असं म्हणायचो. आता वरती मी तेच केलंय बघा. जिभेचं वळण जात नाही. तो कुणीतरी मी होतो. मला ते सुचलं, कारण मी ज्या घरात वाढलो तिथं रोज संध्याकाळी एक बाई दारात उभी राहून नवऱ्याला हाक मारायची, आणि वीस वर्षांत तिनं नाव म्हणून एकदाही घेतलं नव्हतं. मी ते बघून हसायचो. लहानपणचं हसू मी आप्पासाहेबांना विकलं.

गोजरानं भाऊबीज चुकवली नाही. मी जायचो, ती पाट मांडायची, ओवाळायची, पुरणपोळी वाढायची. फक्त मला ‘तुम्ही’ म्हणायची. “बसा.” “जेवून घ्या.” “पोचलात की निरोप धाडा.” पोरांना सांगायची, “त्यांना पाणी दे.” तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या बाईचे पाय कसे धरतात ते मला माहीत नाही.

मेव्हणे, ज्यांचं नाव गोजरानं तीनदा घ्यायच्या तयारीनं घेतलं होतं ना, ते एक्क्याण्णव वर्षं जगले. याच्यातही पिल्लू शोधू नका.

निवडणुकीनंतर चौदा वर्षांनी आमचा बाप वारला. वारसनोंदीसाठी गोजरा चावडीवर आली. तलाठी नवा होता, परजिल्ह्यातला, आम्हा कुणाला ओळखत नव्हता. चावडीत माणसं दाटलेली. मी कारखान्यावरून आलो तेव्हा ती टेबलापुढं उभी होती आणि मी मागं दाराशी अडकलो. तलाठी नावं उतरवून घेत होता. मयताचं नाव तिनं सांगितलं. स्वतःचं सांगितलं. नवऱ्याचं विचारायच्या आधी सांगितलं.

“आणखी वारस?”

“एक भाऊ.”

“नाव?”

ती गप्प.

“अहो बाई, भावाचं नाव विचारतोय,” तलाठी हसून म्हणाला. “नवऱ्याचं नाही. लाजताय कशाला?”

चावडी हसली. तेच हसू; मी ते झोपेतही ओळखतो. गोजरा ताठ उभी होती. केस पांढरे झाले होते.

तलाठ्यानं मान उंचावून गर्दीकडं बघितलं. “कुणी ओळखतं का या बाईंना?”

माणसं बाजूला सारत मी पुढं घुसलो. धाप लागली होती. “मी ओळखतो,” म्हणालो. “साहेब, मी ओळखतो. माझी बहीण आहे ही.”

गोजरानं वळून बघितलं नाही. ती तलाठ्याला म्हणाली, “त्यांना नका विचारू, भाऊसाहेब. त्यांची खात्री नसते.”